गस्त घालणाऱ्याला कोण विचारणार

सोसायटीचा ग्रुप असो, नातेवाइकांचा असो, नाहीतर ऑफिसात डबा खाताना असो, निनावी अकाउंट्सचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं. आधार कार्ड जोडल्याशिवाय कुणाला अकाउंटच उघडू देऊ नका, मग बघा कशी सगळ्यांची तोंडं बंद होतात ती. असं म्हणणारी माणसं वाईट नसतात. कुणाच्या मुलीच्या फोटोखाली कुठल्यातरी फेक अकाउंटने घाण लिहिलेली असते, कुणाच्या भावाच्या हॉटेलला एका रात्रीत ढीगभर एक-एक स्टार पडलेले असतात, आणि तक्रार करायला गेलं की समोर माणूसच नाही, नुसतं एक फुलाचं चित्र आणि आकडे लावलेलं नाव. राग खरा असतो. पण हे वाक्य मला कधीच पटलेलं नाही, आणि का ते डब्याच्या वीस मिनिटांत सांगून होत नाही, म्हणून इथे निवांत लिहितेय.

तोंडं बंद होतील हे बरोबर आहे. कुणाची होतील तेवढं बघू.

बाळासाहेब ठाकरे 17 नोव्हेंबर 2012 ला गेले, दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या एकवीस वर्षांच्या मुलीने या बंदवर प्रश्न विचारणारी छोटीशी पोस्ट फेसबुकवर टाकली आणि तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. लाइक केली, बास एवढंच. दोघींची अकाउंट्स स्वतःच्या नावाने होती, लपवाछपवी काही नव्हती. त्यानंतर एकीच्या काकांच्या हॉस्पिटलची तोडफोड झाली आणि दोघींना अटक झाली. पुढे त्या कारवाईबद्दल पोलीस अधिकारी निलंबित झाले, केस बंद झाली, श्रेया सिंघल या तरुण मुलीने सुप्रीम कोर्टात याचिका केली आणि 24 मार्च 2015 ला ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून अटक करता येणारं आयटी कायद्यातलं 66अ हे कलमच कोर्टाने रद्द केलं. हा निकाल आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच पाहिजे, पण मला दरवेळी आठवतं ते हेच की त्या दोघी सापडल्या कारण त्यांनी आपलं नाव लिहिलं होतं. अकाउंटला आधार जोडा म्हणणाऱ्यांना जे हवंय ते सगळं त्यांनी आधीच केलेलं होतं.

आणि दुसरी गोष्ट राईनपाड्याची. धुळे जिल्हा, साक्री तालुका, 1 जुलै 2018, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात फिरत होते, सोबत व्हिडिओ. त्या वर्षी देशभर फिरलेल्या अशा व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जाहिरातीतून कापलेला होता, शेवटी मुलाला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात तो भाग कुणीतरी उडवलेला. राईनपाड्यात त्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं आली होती, बहुतेक जण सोलापूरकडच्या मंगळवेढा तालुक्यातले, पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणारे. लोकांना संशय आला. त्यांना ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कोंडलं आणि तिथे मरेपर्यंत मारलं. पाचही गेले. मारतानाचे व्हिडिओ लोकांनीच काढले.

आता यात निनावी कोण होतं सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रत्येक जण स्वतःच्या मोबाइल नंबरनेच असतो, सिमकार्ड घेताना ओळखपत्र दिलेलं असतं, ग्रुपमध्ये मामा, शेजारी, शाळेतले मित्र, एकमेकांना नावानिशी ओळखणारे लोक. मेसेज पाठवणारा ओळखीचा म्हणून तर लोकांचा विश्वास बसला. मारणाऱ्यांचे चेहरे उघडे होते, दिवसाढवळ्या, सरकारी इमारतीत. नाव, चेहरा, पत्ता, सगळं असूनही त्या क्षणी एकाही माणसाला असं वाटलं नाही की याचा जाब मला द्यावा लागेल. सहा वर्षांनी, 2024 मध्ये, धुळ्याच्या कोर्टाने सात जणांना जन्मठेप दिली. व्हॉट्सअ‍ॅपने त्या जुलैतच भारतात एका वेळी पाच ठिकाणीच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. याने वेग कमी झाला असेल. पण त्या लोकांच्या डोक्यात जे होतं की आपण गावाचं रक्षण करतोय, मुलांना वाचवतोय, पोलीस येईपर्यंत कोण थांबणार, त्याला फॉरवर्डच्या मर्यादेने काय होणार? स्वतःहून पहारा द्यायला निघालेली माणसं होती ती. कुणी नेमलं नव्हतं आणि थांब म्हणणारंही कुणी नव्हतं, आणि ज्यांच्यावर आरोप होता त्यांना आपली बाजू सांगायला जागाच दिली नाही. आम्ही भिक्षा मागायला आलोय हे सांगून उपयोग झाला नाही, कारण ऐकून घेऊन निर्णय बदलेल असं त्या खोलीत कुणी नव्हतंच.

यावर लगेच म्हणतात की बरं, मग मुखवटे घालून बायकांना छळणाऱ्यांचं काय करायचं? बरोबर प्रश्न आहे. 1 जानेवारी 2022 ला मुस्लिम बायकांचे फोटो चोरून त्यांचा 'लिलाव' मांडणारं अ‍ॅप आलं, बुल्ली बाई नावाचं. पत्रकार, कार्यकर्त्या, विद्यार्थिनी, शंभरच्या आसपास बायकांचे फोटो त्यात होते. करणाऱ्यांनी शीख वाटतील अशी खोटी नावं वापरली होती, म्हणजे दोन समाजांत आग लागेल आणि आपण नामानिराळे. मुंबईच्या सायबर पोलिसांनी काही दिवसांत बंगळुरूपासून उत्तराखंडपर्यंत जाऊन तरुण पोरांना पकडलं. तेव्हा वाचलं आणि मी सुन्न झाले, कारण हाच प्रकार सहा महिने आधी, जुलै 2021 मध्ये, सुल्ली डील्स या नावाने झाला होता. त्याची तक्रार झाली होती, दिल्लीत गुन्हा नोंदला गेला होता, पण अटक झाली ती थेट जानेवारी 2022 मध्ये, दुसरं अ‍ॅप येऊन बोंबाबोंब झाल्यावर. खोटं नाव, दुसऱ्या देशातली साइट, सगळी तीच अडचण, आणि तरी एकदा काही दिवस पुरले आणि एकदा सहा महिने पुरले नाहीत. त्या बायकांना कुणाचं आधार कार्ड नको होतं. तक्रार केल्यावर कुणीतरी उठून कामाला लागावं एवढंच हवं होतं.

दक्षिण कोरियाने सक्तीच्या खऱ्या नावाचा प्रयोग करूनही बघितलाय. 2007 पासून मोठ्या साइट्सवर काही लिहायचं तर आधी ओळख पटवायची असा कायदा होता. 2011 मध्ये तिथल्या एका मोठ्या सोशल साइटवरून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली, आणि ऑगस्ट 2012 मध्ये तिथल्या संवैधानिक न्यायालयाने तो कायदा एकमताने घटनाबाह्य ठरवला. आपल्याकडे कुठली-कुठली माहिती फुटते हे रोज पेपरात वाचतोच, जास्त लिहीत नाही.

मराठी माणसाला तर खरं म्हणजे हे परक्याकडून शिकायची गरज नाही. 1848 साली भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रं यायला लागली, ब्राह्मणांच्या अहंकारावर, विधवांच्या हालांवर, पोकळ पाठांतरावर, आणि खाली नाव काय तर लोकहितवादी. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख, जेमतेम पंचवीस वर्षांचे, ब्रिटिश सरकारच्या नोकरीत, आणि ज्या समाजावर लिहीत होते त्याच समाजात रोज वावरणारे. तुकाराम तात्या पडवळांनी जातिभेदावरचं पुस्तक 1861 मध्ये छापलं तेव्हा लेखकाच्या जागी 'एक हिंदू' एवढंच होतं, आणि त्याची दुसरी आवृत्ती जोतीराव फुल्यांनी काढली. यांना भित्रे म्हणायची कुणाची हिंमत आहे? वाळीत टाकणं ही तेव्हा नुसती बोलायची गोष्ट नव्हती, विहिरीवर पाणी मिळायचं नाही, मुलीचं लग्न व्हायचं नाही. आणि लोकहितवादी या नावाला जबाबदारी नव्हती असंही नाही ना. एकच नाव, शंभरावर पत्रं, तेच छापील साप्ताहिक, ज्याला पटलं नाही त्याने तिथेच उत्तर लिहावं, आणि काल काय लिहिलं होतं ते जुना अंक काढून कुणीही दाखवावं. नावाआडचा माणूस कोण हे ठाऊक नसलं तरी त्या नावाला आपल्या शब्दांपासून पळता येत नव्हतं.

हे मला इतकं पटतं कारण मी स्वतः तसंच काम करते. मराठी विकिपीडियावर मी गेली बरीच वर्षं टोपणनावाने गस्त घालते. कुणी पगार देत नाही, कुणी नेमलेलं नाही, रात्री जेवणं आवरली की 'अलीकडील बदल' उघडायचं आणि दिवसभरात कुणी काय बदललं ते खालपर्यंत बघत जायचं. बरेचसे बदल चांगले असतात. काही सांगकाम्यांचे, म्हणजे बॉट प्रोग्रॅमचे असतात, ते आपोआप दुवे वगैरे दुरुस्त करत राहतात. आणि मधेमधे उत्पात असतो, म्हणजे अख्खं पान पुसून शिवी लिहिलेली, नटीच्या पानावर जन्मवर्ष बदललेलं, संतांच्या पानावर जात बदललेली, तासाभराने दुसऱ्याने येऊन परत बदललेली, आणि मग दोघांचं रात्रभर चाललेलं.

निवडणुका आल्या की गावांच्या पानांना ऊत येतो. मराठी विकिपीडियावर हजारो गावांची छोटी-छोटी पानं आहेत, बहुतेकांचा साचा तोच, भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. त्यातलं 'लोकजीवन' बऱ्याच ठिकाणी रिकामं असतं. तर अशाच एका गावाच्या पानावर एका नव्या सदस्याने लोकजीवनाखाली सरपंचांचं कौतुक लिहिलं, गावाचे भाग्यविधाते, युवकांचे प्रेरणास्थान, पाण्याचा प्रश्न कायमचा सोडवणारे वगैरे, आणि त्याच परिच्छेदात खाली गावच्या यात्रेची चांगली माहिती, पालखी कुठून निघते, कुठल्या गावाचा मान पहिला. मी कौतुक काढलं, यात्रा ठेवली, बदलाच्या नोंदीत 'जाहिरात, संदर्भ नाही' असं लिहिलं, आणि त्याच्या चर्चा पानावर निरोप टाकला की हे का काढलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, मोठ्या आवाजात ओरडल्यासारखं. तुम्ही कोण? माझ्या गावाबद्दल मी लिहायचं नाही तर कोणी लिहायचं? स्वतःचं नाव लपवून दुसऱ्याचं लिखाण पुसता, लाज वाटत नाही का?

त्याचा प्रश्न रास्त होता, आणि असा प्रश्न विचारता येणं हाच त्या जागेचा सगळ्यात मोठा गुण आहे असं मला वाटतं. मी त्याला लिहिलं की माझा अधिकार तुमच्यापेक्षा जास्त नाही, तुम्हीही माझा बदल उलटवू शकता. मी आजवर केलेला प्रत्येक बदल माझ्या नावावर क्लिक केलंत की तारीखवार दिसेल, त्यात मी कुठल्या पक्षाच्या माणसाचं कौतुक ठेवलंय आणि कुणाचं काढलंय ते तपासा. तरी पटलं नाही तर चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर मांडा, तिथे बाकीचे बघतील, प्रचालकांपैकी कुणालाही सांगा. त्याने खरंच चावडीवर मांडलं. दोघातिघांनी बघितलं, कौतुक नको म्हणाले, यात्रेला संदर्भ मागितला. काही दिवसांनी तो यात्रेवरचं वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आला, आणि मग शेजारच्या दोन गावांची पानंही त्याने भरली. त्याचं खरं नाव मला ठाऊक नाही, माझं त्याला ठाऊक नाही, आणि या सगळ्यात आमचं दोघांचं काहीच अडलं नाही.

प्रचालकांकडे जास्त अधिकार असतात, पान वगळता येतं, सदस्याला रोखता येतं, पण कुणाला कधी रोखलं आणि काय कारण देऊन रोखलं याचीही नोंद उघडी असते. सगळं गोडीगुलाबीचं चालतं असं अजिबात नाही. जुनी माणसं नव्यांवर खेकसतात, जातीवरून गट पडतात, काही भांडणं इतकी कडू झालीत की चांगली लिहिणारी माणसं सोडून गेलीत. पण ते कसं झालं, कुणी कुणाला काय म्हटलं, हे आजही कुणालाही वाचता येतं.

मी नाव का लावत नाही, तर बाईचं नाव दिसलं की चर्चा पानावरचा वाद लगेच इनबॉक्समध्ये येतो, फोन नंबर शोधला जातो, हे मी माझ्या ओळखीतल्या बायकांच्या बाबतीत बघितलंय. आणि आता तर कायद्याची पण धास्ती आहे. 2024 मध्ये एका वृत्तसंस्थेने केलेल्या बदनामीच्या खटल्यात दिल्ली हायकोर्टाने विकिपीडियाकडे संपादकांची माहिती मागितली. फेब्रुवारी 2025 मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबरने काही संपादकांवर गुन्हा नोंदवला. महाराजांबद्दल वाईटसाईट वाचून लोक चिडले, ते चिडणं मला समजतं, माझ्याही घरात महाराजांची तसबीर आहे. पण ती ओळ कुणी, कोणत्या तारखेला, कुठल्या पुस्तकाच्या आधाराने टाकली हे सगळं तिथे उघडं होतं. आधार कच्चा असेल तर तसं चर्चा पानावर सिद्ध करून ती ओळ काढता येते, इतिहासाच्या अभ्यासकांनी येऊन ते करावं, आम्ही पायघड्या घालू. गुन्हा नोंदवला की मात्र अभ्यासकही येत नाहीत आणि गस्त घालणारेही लांब राहतात.

आता याच्या उलटी गस्त बघा. फोनवर असे ग्रुप असतात जिथे एक लिंक पडते आणि खाली लिहिलेलं असतं, सगळ्यांनी रिपोर्ट मारा, आयडी उडवायचीय. माझ्या मैत्रिणीच्या लेकीने गावातल्या अंगात येण्याच्या प्रकारावर लिहिलं होतं, साधं, कुणाला शिवी नाही. सकाळी उठली तर अकाउंट गायब. किती जणांनी रिपोर्ट केलं, काय म्हणून केलं, कुठली ओळ आक्षेपार्ह ठरली, काही कळवलं नाही, फक्त नियमभंग झाला एवढा मेसेज. तीन वर्षांचं लिखाण त्यात होतं. पोरगी रडली नाही, पण पुन्हा लिहायलाही बसली नाही. रिपोर्ट करणाऱ्यांपैकी बरेच जण खऱ्या नावाने असतील, फोटोत बायकामुलांसोबत उभे असतील. तिच्या दृष्टीने मात्र ते कुणीच नव्हते, कारण त्यांना विचारायला जायचा रस्ताच नव्हता.

आणि सरकारची योजना मला या दुसऱ्या गस्तीसारखी वाटते, म्हणून तिची काळजी वाटते. केंद्रीय गृहखात्याच्या इंडियन सायबर क्राइम कोऑर्डिनेशन सेंटरने सायबर स्वयंसेवक नोंदवायला सुरुवात केली, 2021 च्या सुरुवातीला त्याच्या बातम्या आल्या, जम्मू-काश्मीर आणि त्रिपुरात आधी करून बघणार असं त्यात होतं. स्वयंसेवक तीन प्रकारचे, बेकायदा मजकूर शोधून कळवणारे, लोकांमध्ये सायबर जागृती करणारे, आणि तांत्रिक तज्ज्ञ. पहिल्या प्रकाराला आधी पडताळणी लागत नाही, म्हणजे माणसं शोधून कळवायचं काम सगळ्यात सहज मिळतं. बेकायदा म्हणजे काय, तर मुलांच्या लैंगिक शोषणाचे व्हिडिओ, ते तर कळवलेच पाहिजेत, दोन मतं नाहीत, पण त्याच यादीत देशाची अखंडता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, जातीय सलोखा हेही आहे. सुव्यवस्था बिघडवणारी पोस्ट कुठली हे ठरवताना हायकोर्टाचे न्यायाधीश घोटाळतात आणि इथे कॉलेजातला पोरगा ठरवणार. स्वयंसेवकाने आपलं काम गुप्त ठेवायचं. इंटरनेटवरच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनने तेव्हाच आक्षेप घेतला होता की शेजारी शेजाऱ्यावर पाळत ठेवेल. यात सरकारला कळवणाऱ्याचं नाव माहीत आहे, मोबाइल, पत्ता सगळं. ज्याच्याबद्दल कळवलं त्याला मात्र काहीच माहीत नाही, कुणी कळवलं नाही, काय कळवलं नाही, खोटं कळवलं असेल तर कुठे सांगायचं तेही नाही. गावातल्या सरपंचावरून भांडलेला तो सदस्य मला निदान तुम्ही कोण असं विचारू तरी शकला.

मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मावशी मी त्या पोर्टलवर स्वयंसेवक म्हणून नाव देऊ का, सर्टिफिकेट मिळतं का बघतो, देशाचं काम पण होईल. मी त्याला अडवलं नाही. बराच वेळ बोललो आम्ही. राईनपाडा त्याला ठाऊकच नव्हतं, तेव्हा तो शाळेत होता. मी म्हटलं, दे नाव, पण जागृतीच्या प्रकारात दे. तुझ्या आजोबांना वीज तोडणार म्हणून मेसेज आला होता, लिंक दाबली असती तर पेन्शन गेली असती, अशी आजोबा-आजी तुमच्या गल्लीत किती आहेत ते मोज, त्यांच्याकडे जाऊन बस, पैसे गेले तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून दे. आणि बेकायदा मजकूर शोधणाऱ्यांत जायचंच असेल तर आधी त्यांना मेल करून विचार की मी चुकीचं कळवलं तर त्या माणसाला ते कुठे आणि कसं सांगता येईल. त्याने मेल केलाय. उत्तर अजून आलेलं नाही, तोवर तो रविवारी त्यांच्या वॉर्डातल्या ज्येष्ठ नागरिक संघात जातोय.